गुंजीच्या गोठ्यातलं उसनं बाळ

‘तिकटीवरची मंडळी’ ही आमची विनोदी मालिका खानापूरच्या केबलवर सहा वर्षं चालली. त्या सहा वर्षांत मी एकदाही पडद्यावर आलो नाही, पण माझ्या वस्तू दर रविवारी आल्या. तात्याची वेताची काठी, शिंप्याचं पायमशीन, हवालदाराची शिट्टी, मास्तरांचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा, सगळं मी आणलेलं. नाटकवाले या सामानाला प्रॉपर्टी म्हणतात. वसंता हल्ली प्रॉपर्टी बघतो असं कुणीतरी आमच्या आईला सांगितलं, तेव्हा तिनं माझ्यासाठी मोठ्या घरच्या मुली बघायला सुरुवात केली होती. खरं काय ते कळल्यावर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

पोटासाठी मी लाकडाच्या वखारीत होतो. मालिका हे वेड. ती हायस्कुलातले नाईक सर लिहायचे आणि बसवायचे. चित्रीकरण करणारा लग्नाच्या कॅसेटी काढणारा, नट म्हणजे गावातलीच माणसं. विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून लागेल ती वस्तू कुणाच्या तरी घरातून मागून आणायची आणि काम झालं की नेऊन द्यायची.

मागून आणणं ही एक कला आहे, हे मी थोड्या अभिमानानंच सांगतो. बाई चुलीपाशी असताना जायचं नाही. गेल्या गेल्या वस्तूचं नाव काढायचं नाही. आधी चहा घ्यायचा, पोराबाळांची चौकशी करायची, मग सहज नजर गेल्यासारखं करायचं. स्तुती बेताची करायची. जास्त केली तर मालकाला वाटतं, अरे, हे तर मोलाचं दिसतंय, कशाला द्यायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाची माझी चिठ्ठी. जुन्या धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून ठेवायचो. वस्तू उंबऱ्याबाहेर काढताना तिच्यावर मालकाच्या नावाची पट्टी बांधायची. परत दिली की मालकासमोर ती सोडायची. चिठ्ठी सुटली की मी सुटलो. सहा वर्षांत एक फुलपात्रसुद्धा हरवलं नाही असं मी म्हटलं असतं, पण मग हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

मंडळी एकेक तऱ्हेची भेटली. एका भागासाठी आम्हाला काळा, तबकडीचा टेलिफोन हवा होता. तो निपाणीला एका जैन व्यापाऱ्याच्या पेढीवर निघाला. अण्णा देवमाणूस. लगेच देतो म्हणाले, पण एक अट घातली.

“ह्या फोनवर माझ्या बापानं कधी खोटं सांगितलं न्हाय. तुमच्या नाटकात बी कुणी खोटं बोलायचं न्हाय ह्यावरनं.”

आता आली पंचाईत. त्या भागात आमचा शिंपी फोनवरून चार गिऱ्हाइकांना चार थापा मारतो, हाच तर सगळा विनोद होता. मी परत येऊन नाईक सरांना सांगितलं. सर तास-दीड तास डोकं धरून बसले आणि त्यांनी शिंप्याला फोनवर फक्त खरं बोलायला लावलं. “कापडच हरवलंय तुमचं, साहेब.” “व्हय, उंदरानंच खाल्लंय.” गावभर लोक हसले. मी फोन परत करायला गेलो तेव्हा अण्णांनी आधी विचारलं, “कुणी खोटं बोललं न्हाय न्हवं?” मी म्हटलं, “उंदरापत्तोर सगळं खरं.” त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी सोडली.

नाताळच्या भागाचं मात्र असं सरळ झालं नाही.

आमच्या मालिकेतला तात्या हा तिरसट म्हातारा. त्याचं काम रवळू करायचा. रवळू खरा दूधवाला, वयानं पस्तिशीचा, पण पांढऱ्या मिशा लावल्या की त्याच्या अंगात साठीचा खवीसपणा यायचा. नाताळच्या भागात शेजारच्या ख्रिस्ती बाईच्या व्हरांड्यातल्या कागदी चांदणीतल्या दिव्याचा उजेड तात्याच्या खिडकीत पडतो म्हणून तो भांडण काढतो, पार पंचायतीपर्यंत जातो, आणि शेवटी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घरी आल्यावर विरघळतो, अशी गोष्ट होती. त्यासाठी व्हरांडा हवा होता आणि गोठा हवा होता. गोठा म्हणजे नाताळात मांडतात तो येशूजन्माचा देखावा. गवताचं छप्पर, मारिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, बैल, गाढव आणि मधोमध बाळ.

गुंजीला स्टेशनजवळ फिलू आक्का राहायची. तिचा नवरा बस्त्याव रेल्वेत गँगमन होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. तिच्याकडे भाजलेल्या मातीच्या अकरा मूर्तींचा जुना गोठा होता आणि डिसेंबरात आजूबाजूची पोरं तो बघायला यायची. मी माझ्या पद्धतीनं गेलो, चहा घेतला, विषय काढला. आक्कानं मला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही.

“घे की. घर बी घे. मी आठ-दहा दिस बेळगावला चाललोय, डोळ्याचं आपरेशन हाय. भनीकडं ऱ्हाणार. ही किल्ली. मूर्ती कपाटात हायत.” मग कपाटातली एक वेगळी पत्र्याची डबी दाखवून म्हणाली, “बाळ ह्यात हाय. ते काढू नको. त्येला अजून येळ हाय.”

मला वाटलं, लहानशी मूर्ती आहे, फुटेल म्हणून भिते. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत गोठ्यात बाळ ठेवत नाहीत, ती जागा मोकळीच असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. दुसऱ्याच्या घरात कोणती वस्तू कशी वापरतात हे विचारून घेणं हाच माझा धंदा होता, आणि नेमकं तेच मी त्या दिवशी केलं नाही.

बाळाशिवाय नाताळ कसला, असं म्हणून मी पहिल्याच दिवशी डबी उघडली. चित्रीकरण सुरू करण्याआधी आम्ही नेहमी नारळ फोडायचो. त्या दिवशी समोर आयतेच देव बसलेले. मी उदबत्ती लावली, अकराही मूर्तींना हळदकुंकू वाहिलं, बैलालासुद्धा. बाळाच्या डोक्यावर शेवंतीचं फूल ठेवलं. आमच्या रीतीनं प्रतिष्ठापनाच झाली म्हणा.

तिसऱ्या दिवशी रवळू भांडणाच्या भरात काठी परजत आला आणि काठीचं टोक बाळाला लागलं. उजवा हात खांद्यापासून तुटून गवतात पडला.  रवळूनं मिशांसकट स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. नाईक सरांनी हातावर गवत सारायला सांगितलं आणि उरलेलं काम उरकलं. मंडळी निघून गेली. मी आणि टेंपोवाला सामान भरायला मागं राहिलो.

आता मी काय विचार केला ते सांगतो. मूर्ती भंगली. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. म्हाताऱ्या बाईनं डोळ्यांची पट्टी काढून पहिल्यांदा भंगलेला देव बघावा? छे. मूर्तीची मानानं पाठवणी करायची, म्हणजे विसर्जन. पण एकट्या बाळाला कसं धाडायचं? आई-बाप इथं आणि तान्हं पोर पाण्यात, हे मनाला पटेना. राजे आणि मेंढपाळ तरी मग कुणाला बघायला थांबणार? बरं, सगळ्यांनाच कुंकू लागलेलं. पूजा झालेले देव मी चपला-भांड्यांच्या पोत्यात कसे भरू?

खानापूरला मलप्रभेच्या घाटावर, जिथं आम्ही गणपती पोचवतो, तिथं मी गुडघाभर पाण्यात उतरलो. कापूर लावला. एकेक मूर्ती तीनदा वर-खाली करून पाण्यात सोडली. बाळाला तर केळीच्या पानावर बसवलं, शेजारी त्याचा हात ठेवला आणि पान हळूच धारेला लावलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकं चांगलं काम आपण फार दिवसांत केलं नाही असं वाटलं. दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन एक नवा कोरा गोठा विकत आणला, चकचकीत रंगाचा, आत लाल-हिरवे दिवे लागणारा.

आक्का परत आली तेव्हा नाताळला चार दिवस उरले होते. काळा चष्मा लावून व्हरांड्यात बसली होती. मी नवा गोठा पुढं ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. नारळ, कापूर, केळीचं पान, काही गाळलं नाही. ती खूश होईल अशी माझी खात्री होती.

आक्कानं नवा गोठा बाजूला सारला. मग म्हणाली, “सगळी?”

“व्हय आक्का. सगळी. एकत्र.”

“वसंता,” ती म्हणाली, “आमचं लगीन झालं त्या वर्साला बस्त्यावनं गोव्यासनं मारिया आणली. दुसऱ्या वर्साला जुझे, योसेफ म्हणत्यात त्यो. मग बैल. दर नाताळला एक. तेवढंच परवडायचं त्येला. आम्हाला पोर हुईना, तवा धा वर्सांनी त्येनं बाळ आणलं. म्हणाला, घे, झालं आपलं कुटुंब पुरं. त्यो ते मांडायचा न्हाय. चोवीस तारखेला माझ्या हातात द्यायचा नि म्हणायचा, तू ठेव.”

ती ओरडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून पदरानं डोळे टिपले, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना पाणी लावू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, हेही तीच म्हणाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची सगळी मंडळी मलप्रभेत. मी, नाईक सर विजार गुडघ्यावर दुमडून, शिंपी, हवालदार आणि रवळू. घाटावर पाणी संथ होतं. पायानं गाळ चाचपत आम्ही इंच इंच पुढं सरकत होतो. ‘तिकटी’ची माणसं नदीत उतरलीत म्हटल्यावर दहा मिनिटांत शेदीडशे लोक जमले. त्यांना वाटलं चित्रीकरण चाललंय. रवळू घसरून पडला की टाळ्या पडायच्या.

“कॅमेरा कुठं हाय वो?” एकानं विचारलं.

रवळू नाकातोंडातलं पाणी झटकत म्हणाला, “कॅमेरा न्हाय बाबा, आज खरंच बुडालोय आम्ही.”

लोक आणखी हसले. मग नाईक सरांनी काठावर येऊन खरी हकिगत सांगितली. हसणं थांबलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी पदर खोचले आणि त्या आधी पाण्यात आल्या, त्यांच्यामागून बाकीचे. त्या घाटाचा तळ त्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आधी बैल सापडला, मग मारिया, मग दोन राजे. दुपारपर्यंत दहा मूर्ती वर आल्या. रंग कुठं कुठं गेला होता, पण शाबूत होत्या. बाळ नाही. त्याला मीच पानावर बसवून वाटेला लावलं होतं. खालच्या बंधाऱ्यापर्यंत शोधलं, फक्त पान सापडलं.

तिथून मी ओल्या कपड्यांनी कल्लाप्पा कुंभाराकडं गेलो. खानापूरची माती नामांकित आणि कल्लाप्पाचा हात त्याहून. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“भाजायला येळ न्हाय,” तो म्हणाला. “कच्चंच देतो, उनात वाळवून. पण एक सांगतो वसंता, निजल्यालं पोर मी कधी केलं न्हाय. माझा हात रांगत्या बाळकृष्णावर बसलाय. बगतो काय जमतंय.”

त्यानं बघितलं, पण हातानं ऐकलं नाही. दोन दिवसांनी गेलो तर फळीवर रांगतं गुटगुटीत बाळ, एक गुडघा पुढं, उजवा हात वर, आणि अंगाला निळा रंग. मी कपाळाला हात लावला. कल्लाप्पानं निळा रंग खरवडला, गव्हाळ दिला. मोरपीस त्यानं आधीच वगळलं होतं, हातातला लोण्याचा गोळाही काढला. हात मात्र वरच राहिला.

“त्यो खाली घ्यायला गेलो तर मोडंल,” तो म्हणाला. “एक हात मोडलाय तेवढा पुरे.”

चोवीस तारखेच्या दुपारी आम्ही गुंजीला गेलो. आक्कानं गवताचं छप्पर घातलं होतं, दहाही मूर्ती मांडल्या होत्या. मध्ये मूठभर जागा मोकळी. नाईक सरांनी कॅमेराही आणला होता. शेवटचा प्रसंग मुळातच पांचट झालाय, असं ते कबूल करत होते. त्यातून आक्कानं त्यांना आल्या आल्या सुनावलं होतं, “पैल्या दिसापासनं बाळ गोठ्यात? मग नाताळ कशापायी करताय?” आक्काची परवानगी मिळाली तर बाळाचे सगळे प्रसंग पुन्हा करायचे होते. पण आधी मला माझं काम करायचं होतं. मी डबा उघडून बाळ आक्काच्या हातात दिलं.

तिनं चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ नेलं. गुडघ्यावरून बोट फिरवलं, वर उचललेल्या हातावरून फिरवलं. माझा जीव त्या बोटात अडकलेला. आणि आक्का हसायला लागली. पोट धरून हसली.

“अरे वसंता, जलमायच्या आधीच रांगाय लागलंय हे!”

“चुकलं आक्का,” मी म्हणालो. “कल्लाप्पाच्या हाताला...”

“गप. रांगतच आलं असंल नदीतनं. वाट बगून कट्टाळलं असंल.” मग बाळ तळहातावर धरून म्हणाली, “बस्त्याव असता तर त्येनं बी आसंच दिलं असतं हातात.”

मी तिच्यासमोर वाकलो, माफी मागितली आणि ते बाळ तिनं ठेवून घ्यावं म्हणून विनवलं. आक्कानं मान हलवली.

“ठेवून घेतलं की तू सुटलास. मी सोडणार न्हाय तुला. वरीसभर हे तुझ्या देव्हाऱ्यात ऱ्हाईल. चोवीस तारखेला आणून माझ्या हातात द्यायचं, सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की घेऊन जायचं. तुझ्याकडनं उसनं घेतलंय मी. बांध तुझी ती चिठ्ठी.”

मी खिशातून पट्टी काढली. आजवर मी हजार नावं लिहिली असतील, पण स्वतःचं पहिल्यांदाच लिहिलं. बाळाच्या पोटाला हलकेच बांधली.

हे सगळं दारात उभे राहून नाईक सर बघत होते. त्यांनी तिथल्या तिथं शेवट बदलला. नेवऱ्यांचं ताट गेलं. भागभर भांडलेला तात्या स्वतःच्या देव्हाऱ्यातलं बाळ टोपीत घालून शेजारणीच्या व्हरांड्यात येतो, मोकळ्या गोठ्याकडं बघतो आणि टोपी पुढं करतो. बोलत काहीच नाही. शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंऐवजी, ते बाळ घेणारे हात फक्त आक्काचे घेतले. बोटं वाकलेली, नखांत गोठ्याची माती. बाळ गोठ्यात ठेवायचं नाही, त्याची वेळ व्हायची होती, म्हणून आमचा भाग त्या हातांवरच संपला.

तो वर्षातल्या शेवटच्या रविवारी दाखवला. त्याआधी आणि त्यानंतर आम्ही पुष्कळ हसवलं असेल, पण लोक अजूनही विचारतात ते त्याच भागाबद्दल. केबल गेली, मालिका बंद पडली, नाईक सर धारवाडला लेकीकडं राहायला गेले. कुणीतरी तो भाग मोबाईलवर चढवलाय आणि डिसेंबर आला की तो फिरत फिरत माझ्याकडंच येतो. रवळू अजून दूध घालतो. त्याच्या मिशा आता खऱ्याच पांढऱ्या आहेत, आणि तात्याचं काम आता मिशा न चिकटवताच जमलं असतं, असं तो म्हणतो.

बाळ आमच्या देव्हाऱ्यात आहे. माझी बायको सुमन रोज बाळकृष्ण आणि हे, अशा दोन्ही रांगत्या बाळांपुढं साखर ठेवते, त्यात डावं-उजवं करत नाही. दर चोवीस डिसेंबरला मी स्टीलच्या डब्यात कापूस घालून त्याला घेतो, खानापुरातून गाडी पकडतो आणि डबा मांडीवर धरून गुंजीला उतरतो. कच्ची माती आहे, जपावं लागतं. एकदा कानाचा टवका उडाला, कल्लाप्पानं लावून दिला. चिठ्ठी तीनदा बदलली.

यंदा तीन राजांच्या सणानंतर मी बाळ आणायला गेलो तेव्हा गुडघे फार दुखत होते. आक्काही आता ऐंशीच्या पुढं, तशी ठणठणीत आहे पण थोडी वाकलीय. तिनं नाताळचा गोड फराळ, कलकल आणि दोदोल, पुढं ठेवला. मी म्हटलं, “आक्का, आता पुरे झालं. मी बी म्हातारा झालो. गाडीत कुणाचा धक्का लागला तर मातीच हुईल त्येची. कायमचं ठेवून घे. ही बघ, चिठ्ठी सोडतो.”

मी गाठीला हात घातला तसा तिनं माझा हात धरला. मालिकेत दिसलेल्या त्या हातांत अजून जोर होता.

“सोडू नको, वसंता,” ती म्हणाली. “बाळ माझ्याकडं ऱ्हायलं तर पुढल्या नाताळाला तू कशाला येशील?”

मी त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली, बाळ कापसात ठेवलं आणि परतीची गाडी पकडली.